गुणवंतरावांचा गुवाहाटी दौरा

गुणवंतराव हर्डीकर कुठेही गेले की पाच मिनिटांत त्यांच्या हातात वही-पेन येतं आणि कुणीतरी म्हणतं, "हर्डीकर, जरा मिनिट्स घ्या ना." केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात (कुठल्या ते विचारू नका, सोमवारी सकाळी त्यांनाही क्षणभर आठवावं लागतं) अठरा वर्षं काढल्यावर माणसाच्या चेहऱ्यावरच तसं काहीतरी उमटत असावं. एका मेहुण्याच्या लग्नात तर त्यांनी याद्यांच्या बैठकीची मिनिट्स टाइप करून दोन्ही पक्षांना सहीसाठी फिरवली होती. लग्न झालं, पण मेहुणा अजून त्यांच्याशी जपून बोलतो.

यंदा दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या मराठी बायकांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवऱ्यांनाही बोलावलं होतं. कारण प्रमोदिनीताईंचं भाषण. प्रमोदिनीताई म्हणजे तीस वर्षं मुलांच्या आणि आईबापांच्या समुपदेशनात मुरलेल्या बाई, आणि विषय होता 'आईबाप आणि मुलं यांच्यातली घट्ट माया'. गुणवंतराव पहिली पंधरा मिनिटं माईकसाठी एक्स्टेन्शन बोर्ड शोधत तळमजला ते सातवा मजला हिंडत होते. बोर्ड घेऊन आले, तर सवयीप्रमाणे कुणीतरी हातात वही दिली. त्यांनी बसून जे लिहिलं ते असं:

"मूल खेळत असताना पालकाने बाहेर जावे. मूल रडेल. पालक परत आल्यावर मूल धावत येऊन बिलगेल व शांत होईल. असे होत असल्यास माया घट्ट आहे असे समजावे. त्यानंतर चहा झाला."

मिनिट्स अचूक होती. अठरा वर्षांत त्यांच्या मिनिट्समध्ये कुणाला चूक सापडलेली नाही. प्रश्न पहिल्या पंधरा मिनिटांचा होता, पण तो आपल्याला नंतर लागेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुणवंतराव ऑफिसातून घरी आले. त्यांची लेक स्वरूपा, वय वर्षं आठ, हॉलमध्ये पालथी पडून चित्र काढत होती. थंडीची शाळेची सुट्टी वाढवली होती, त्यामुळे घरभर रंगीत खडू झाले होते. गुणवंतराव दारात उभे राहिले आणि धावत येऊन बिलगण्याची वाट बघू लागले.

"आलास? बूट बाहेर काढ," स्वरूपा मान वर न करता म्हणाली.

गुणवंतरावांनी बूट काढले. मग मनाशी म्हणाले, एखाद्या वेळी होतं असं, आणि पुन्हा बाहेर जाऊन, दार लावून, बेल वाजवून आत आले.

"बाबा, दरवाजा सारखा खोलू नको ना यार, थंडी येते," लेक म्हणाली, आणि हत्तीला जांभळा रंग देऊ लागली.

झालं! आठ वर्षं झाली. ही पोरगी त्यांच्या छातीवर झोपली होती, पहिला दात पडला तेव्हा तो त्यांच्याच हातात आणून दिला होता, आणि मिनिट्सप्रमाणे बघावं तर माया निरंक! जेवताना त्यांना आमटीत मीठ कमी आहे की जास्त हेही कळलं नाही. (जास्त होतं. रेवतीनं दोनदा विचारलं, ते दोन्ही वेळा "छान" म्हणाले.)

खरं म्हणजे इथे बायकोशी बोलायचं. रेवती शहाणी बाई, दुसऱ्या एका मंत्रालयात अनुवादाचं काम करते, म्हणजे लोकांनी न समजता लिहिलेलं समजून घेण्याचाच तिला पगार मिळतो. पण बायकोला विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. गुणवंतरावांनी स्वतःच विचार केला. रोज ऑफिसला जाणं म्हणजे काही जाणं नव्हे, पोरीला त्याची सवय झाली आहे. तेव्हा लांब गेलं पाहिजे. टूरवर! पण खरा दौरा मार्चशिवाय निघत नव्हता आणि मायेचा प्रश्न मार्चपर्यंत पेंडिंग ठेवणं त्यांच्या जिवाला सोसवेना.

"गुवाहाटीची ऑर्डर निघाली," त्यांनी मंगळवारी जाहीर केलं. "तीन दिवस. उद्याच निघायचंय."

"अचानक?" रेवतीनं विचारलं.

"अर्जंट," ते म्हणाले. आणि ऑफिसात तीन दिवसांची कॅज्युअल लीव्ह टाकून मोकळे झाले.

बुधवारी सकाळी बॅग घेऊन ते दारात उभे राहिले. पोरीनं रडावं म्हणून जरा जास्तच रेंगाळले. मफलर दोनदा गुंडाळला. "येतो हं स्वरू. तीन दिवस. तीन म्हणजे पूर्ण तीन," असं कापऱ्या आवाजात म्हणाले.

"टाटा," स्वरूपा म्हणाली. "माझ्या शेल्फसाठी आण काहीतरी. गुवाहाटीचं आपल्याकडे काहीच नाहीये."

आता हे शेल्फ समजून घ्या. गुणवंतराव प्रत्येक टूरवरून लेकीसाठी त्या गावची एक वस्तू आणत. म्हैसूरचा चंदनी हत्ती, जयपूरची कठपुतळी, भुवनेश्वरचा, पिपली गावच्या कापडकामाचा छोटा कंदील. प्रत्येकाखाली स्वरूपानं स्वतः चिठ्ठी लिहून चिकटवलेली: 'बाबा ने लाया, म्हैसूर'. (मराठी अशीच आहे तिची. दिल्लीत वाढलेल्या पोरीनं 'ने' लावला तर आपण समजून घ्यायचं.)

गुणवंतराव खाली आले, कोपऱ्यावरून वळले आणि गुवाहाटीऐवजी दिल्लीतल्याच मुनिरकाला गेले.

मुनिरकात त्यांचा भाचा जयदीप राहत होता. मूळचा परभणीचा, यूपीएससीचा तिसरा अटेम्प्ट, चौथ्या मजल्यावरची खोली. लिफ्ट नाही. खोलीत एक गादी, एक रजई, एक टॉवेल आणि भारताचे अकरा नकाशे. मामांनी धापा टाकत सगळी हकिकत सांगितली. जयदीपनं शांतपणे ऐकून घेतली.

"मामा, हे आमच्या एथिक्सच्या पेपरसारखं झालं," तो म्हणाला. "एक अधिकारी खोट्या दौऱ्यावर जातो. त्याच्यापुढील नैतिक पर्यायांची चर्चा करा. अडीचशे शब्द."

"तू काय लिहिशील?"

"मी लिहीन की अधिकाऱ्यानं घरी जावं. गादी एकच आहे."

पण गुणवंतराव गेले नाहीत. त्यांनी घरी फोन लावला, पोहोचल्याचा. स्वरूपानंच उचलला.

"बाबा, ब्रह्मपुत्रा दिसली?"

"धुकं आहे गं फार," गुणवंतराव म्हणाले. (हे अगदी खरं होतं. मुनिरकातून समोरची बिल्डिंगही दिसत नव्हती.)

तेवढ्यात खालून खणखणीत आवाज आला, "आलू ले लो, मटर ले लोऽऽ, गोभी ताज़ी!"

"हे कोण ओरडतंय?"

"भाजीवाला. इथेही येतो."

"आसाममध्ये हिंदीत बोलतात?"

"केंद्र सरकारचे अधिकारी उतरतात ना इथे, म्हणून," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. जयदीप नकाशाकडे तोंड करून हसत होता.

तीन दिवस गुणवंतरावांनी काय केलं? एका रजईत भाच्याशी ओढाताण केली, भाच्याच्या नोट्समधली स्पेलिंगं सुधारली आणि रोज फोनवर आसामचं वर्णन केलं. हे वर्णन जयदीपच्या भूगोलाच्या पुस्तकातून येत असल्यामुळे त्यात पर्जन्यमान फार यायचं. शुक्रवारी सकाळी उत्साहाच्या भरात "आत्ताच नावेतून ब्रह्मपुत्रेतल्या उमानंदाच्या देवळात जाऊन आलो," असंही रेवतीला सांगून बसले. रेवती नुसतं "अच्छा" म्हणाली. बायको नुसतं अच्छा म्हणते तेव्हा नवऱ्यानं सावध व्हावं, पण तेव्हा त्यांच्या डोक्यात वेगळीच चिंता होती. संध्याकाळी परतायचं, आणि शेल्फसाठी गुवाहाटीची वस्तू कुठाय?

वस्तू दिल्ली हाटमध्ये होती. देशातल्या सगळ्या राज्यांचे स्टॉल तिथे लागतात, आणि दिल्ली हाट लक्ष्मीबाई नगरापासून पायी पाच मिनिटांवर आहे. शहाण्या माणसानं याच कारणासाठी तिथे पाऊल ठेवलं नसतं. गुणवंतराव तिकीट काढून आत गेले.

आसामच्या स्टॉलवर जापी होत्या. जापी म्हणजे बांबूची, ताडाच्या पानांची, चांगली सुपाएवढी टोपी. गुणवंतरावांनी एक डोक्यावर घालून बघितली आणि आरशात बघता बघता आरशातच त्यांना मागून येताना रेवती दिसली. शेजारी स्वरूपा. हातात मोमोची प्लेट.

पळायला वेळ नव्हता. स्टॉलवाला चहा प्यायला गेला होता, त्याच्या स्टुलावर ते मटकन बसले आणि जापी थेट नाकापर्यंत ओढली.

"आई, ही बघ! ही छान आहे," स्वरूपाचा आवाज अगदी समोर आला.

"घ्यायची का?" रेवती म्हणाली.

"नको. बाबा आज गुवाहाटीहून आणणारे. हीच आणली असेल तर? आपण आधीच घेतली तर त्याला बुरा वाटेल."

जापीच्या आत गुणवंतरावांना गलबलून आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांना स्वतःची शरम वाटली, खरीखुरी, कानशिलं तापवणारी. उठून पोरीला पोटाशी धरावं असं वाटलं. पण उठावं कसं?

"अंकल," स्वरूपा त्यांनाच विचारत होती, "ये गुवाहाटी में पक्का मिलता है ना?"

"हाँ बेटा," गुणवंतराव घशातून म्हणाले.

आवाज त्यांनी चांगला बदलला होता, पण स्वेटर बदलायचा राहिला होता. त्यांच्या आईनं विणलेला मरून स्वेटर, डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब. असा स्वेटर अख्ख्या दिल्लीत एकच असणार. दोन छोटे हात पुढे आले आणि जापी वर उचलली गेली.

"बाबा!"

आणि मग ते झालं. पोरगी मोमोची प्लेट टाकून त्यांच्या गळ्यात पडली. अशी बिलगली की स्टूल मागे कलंडलं आणि बापलेक दोघं आसामच्या चटयांवर आडवे झाले. मिनिट्समध्ये लिहिलं होतं तसंच, अक्षरशः तसंच! गुणवंतरावांना वाटलं, झालं, पास झालो.

"तुझं काम लवकर संपलं? तू डायरेक्ट एअरपोर्टवरून इथेच आलास?" स्वरूपा आनंदानं विचारत होती.

"हो… म्हणजे… तसं बघायला गेलं तर…"

"अहो," रेवती म्हणाली, "सकाळी अकरा वाजता तुम्ही ब्रह्मपुत्रेत नावेत होतात."

स्टॉलवाला परत आला होता. "साब तो आधे घंटे से यहीं टोपियाँ देख रहे हैं," त्यानं बिचाऱ्यानं सरळपणे सांगितलं.

स्वरूपानं बापाकडे बघितलं. मग स्वेटरकडे, मग पुन्हा तोंडाकडे. "तू गुवाहाटीला गेलाच नव्हतास?"

गळ्यातले हात हळूच निघाले. पोरगी उठली आणि आईचा हात धरून चालू लागली. एकदाही मागे वळली नाही. मागे जापी हातात घेऊन गुणवंतराव, कारण घाईत ती परत ठेवायचीच राहिली, आणि स्टॉलवाला पैशासाठी त्यांच्या मागे.

घरी रेवतीनं आधी पोरीला झोपवलं आणि मग सगळं वदवून घेतलं. ऐकून ती रागावली, मग हसली, मग हसू आलं म्हणून पुन्हा रागावली. पुढचे चार दिवस ती फक्त "चहा आसामचाच करू ना?" एवढंच बोलत होती. तेही सोसलं असतं त्यांनी. पण पोरीचं काय?

पोरगी रडू लागली. गुणवंतरावांना हवी होती ती सगळी माया आता मिळू लागली, आणि एकरकमी मिळू लागली. ते सकाळी दूध आणायला निघाले की स्वरूपा दारात: "खरंच दूध?" ऑफिसला निघाले की स्वेटरची लांब बाही दोन्ही हातांनी धरायची आणि डोळे भरून यायचे. दिवसातून तीनदा व्हिडिओ कॉल: "बाबा, फाइल दाखव. टेबल दाखव. खंडेराव काका दाखव." शेजारच्या टेबलावरचे खंडेराव जगदाळे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले गृहस्थ, दर वेळी कॅमेऱ्यापुढे येऊन गंभीरपणे सांगत, "हाँ बेटी, पप्पा ड्यूटी पर हैं." नंतर नंतर ते टाय लावून येऊ लागले. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एकदा गुणवंतराव अंघोळीला गेले असताना दारावर बारीक टकटक झाली.

"बाबा, तू आतच आहेस ना?"

"आहे गं बाळा."

"काहीतरी बोलत राहा."

गुणवंतराव बोलत राहिले. डोळ्यांत साबण गेला म्हणून पाणी येतंय असं त्यांनी स्वतःला सांगितलं, पण साबण अजून हातातच होता. त्याच संध्याकाळी ते वही घेऊन प्रमोदिनीताईंकडे गेले.

ताईंनी मिनिट्स वाचली. चष्मा काढला. "हर्डीकर, हे मी एक-दीड वर्षाच्या बाळांबद्दल सांगत होते. तुमची लेक कितीची?"

"आठ."

"सुरुवातीलाच म्हणाले होते मी हे. तुम्ही कुठे होतात?"

"एक्स्टेन्शन बोर्ड," गुणवंतराव म्हणाले, आणि मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली.

"अहो, तुम्ही ऑफिसातून आल्यावर ती मान वर न करता चित्र काढत होती ना? का माहितीये? तुम्ही येणार हे तिला ठाऊक होतं म्हणून. रोज सूर्य उगवतो तेव्हा आपण खिडकीत जाऊन टाळ्या वाजवतो का? इतकी निश्चिंत होती पोरगी तुमच्याबद्दल. आणि तुम्ही नेमकं तेच घालवून बसलात."

गुणवंतरावांनी मान खाली घातली. "आता?"

"आता काही नाही. तिला खरं सांगा, सबबी सांगू नका. आणि जी वेळ सांगाल त्या वेळेला, जिथे सांगाल तिथे असा. रोज. लागेल थोडा वेळ."

गुणवंतरावांनी हे लिहून घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते नुसतं ऐकून घरी आले.

घरी येऊन ते जमिनीवर खडूंच्या पसाऱ्यात बसले. "स्वरू, मी खोटं बोललो. तीन दिवस मुनिरकालाच होतो," ते म्हणाले. "मला बघायचं होतं, मी नसताना तू रडतेस का. मला वाटलं, तुला मी आवडत नाही."

स्वरूपा हातातल्या खडूचा कागद सोलू लागली. "म्हणजे तू माझी टेस्ट घेतलीस?"

"हो. चुकलं माझं. फार चुकलं."

"आमच्या मॅम टेस्टच्या आधी सिलेबस तरी देतात," ती म्हणाली. "तू मुनिरकाला होतास आणि मी रोज आईला विचारत होते, की तिकडे बाबाला थंडी वाजत असेल का."

मग पोरगीच जवळ सरकली आणि स्वेटरच्या लांब बाहीत हात घालून बसली.

पुढे दोन महिने गुणवंतराव घड्याळासारखे वागले. सहा म्हणाले की सहा. उशीर होणार असेल तर पाचलाच फोन. हळूहळू 'खरंच दूध?' थांबलं, व्हिडिओ कॉल तीनावरून एकावर आले, मग बंदच झाले. (खंडेरावांना चुकल्यासारखं वाटू लागलं. ते अजून टाय लावतात.) आणि मार्चमध्ये ऑर्डर निघाली. दैव कसं असतं बघा, गुवाहाटीचीच!

स्वरूपा दारात उभी राहिली. रडली नाही, पण बाहीही सोडेना. "पक्का?"

"पक्का. गुरुवारी संध्याकाळी सहाला घरी."

गुरुवारी विमानात काहीतरी बिघाड निघाला आणि ते तीन तास तिथेच थांबलं. गुणवंतरावांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. सहाच्या जागी नऊ! त्यांनी विमानतळावरून फोन केला, विमानात बसल्यावर केला, दिल्लीत उतरल्यावर केला, घराजवळच्या आयएनए स्टेशनवर मेट्रोतून बाहेर पडताना केला. रेवती शेवटी म्हणाली, "अहो, कळलं! या आता." बगलेत जापी धरून ते जवळजवळ पळतच घरी आले. जिना चढताना त्यांना नाही नाही ते दिसत होतं: दारात उभी पोरगी, सुजलेले डोळे, "तू पुन्हा खोटं बोललास."

दार उघडं होतं. स्वरूपा हॉलमध्ये पालथी पडून चित्र काढत होती.

"आलास? बूट बाहेर काढ," ती मान वर न करता म्हणाली.

गुणवंतराव तिथल्या तिथे थिजले. मग त्यांचा चेहरा असा फुलला की रेवतीला वाटलं प्रमोशन झालं. "ऐकलंस?" ते कुजबुजले. "अगं, वरसुद्धा बघितलं नाही तिनं! जरासुद्धा नाही!" त्यांनी बूट काढले, दोन्ही बाहेर अगदी रांगेत ठेवले, आणि भरल्या डोळ्यांनी आत येऊन लेकीपुढे जापी ठेवली.

स्वरूपानं जापी बघितली, उलटून आतूनही बघितली. मग चित्रावरची नजर न काढता एक हात पुढे केला.

"बोर्डिंग पास?"

"अगं, तो… तो ऑफिसात जमा करायचा असतो."

"मग झेरॉक्स दे, शेल्फवर लावायचीये," स्वरूपा म्हणाली. "आणि 'खरी प्रत' म्हणून त्याच्यावर तुझी सही नको. आईची घे."